पहिल्या आवाजाची रेस्ट

फेब्रुवारीची अकरा तारीख. हातात काम एकच: अक्कांच्या गाण्यातली, ‘आभाळी’ या शब्दावरची रेस्ट काढून टाकणे.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांना गावातच दिलेलं, त्यामुळे त्यांच्या आणि आमच्या घरात फक्त एक गल्ली. कुरुंद्यातलं आमचं महिला भजनी मंडळ त्यांनीच उभं केलं आणि तेव्हापासून पुढचा आवाज त्यांचाच. बाकी आम्ही सगळ्या मागून म्हणणाऱ्या. त्यातही मी शेवटच्या रांगेतली. माझा सूर कुठेही लागतो, म्हणून माझ्या हातात टाळ देतात आणि तोही हळू वाजव म्हणतात.

माझा धंदा वेगळा आहे. घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि प्रिंटर मांडलेला आहे. लग्नपत्रिका, बारशाचे बॅनर, दुकानदारांची बिलबुकं मी तिथे करून देते. हळदीचे दिवस आणि लग्नाचे दिवस एकत्रच येतात, त्यामुळे माउसला हळदीचे डाग पडलेले असतात. ते जात नाहीत. मी आता पुसतही नाही.

मंडळाची पेटी वाजवणारे काका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे गेले आणि नेमकी त्याच महिन्यात कळमनुरीला महिलांची भजन स्पर्धा लागली. दुसरा पेटीवाला मिळेना. ज्याला विचारावं तो हळद शिजवण्यात अडकलेला. शेवटी कोणीतरी म्हणालं, ट्रॅक करा, मशीन लावलं की पेटी आपोआप वाजते. आता कॉम्प्युटर कोणाकडे, तर माझ्याकडे. ढोलकी वाजवणाऱ्या काकू म्हणाल्या, “वैनी, तुमी पत्रिकेत गणपती बसवता का न्हाई? तशीच पेटी बसवा.”

मी हो म्हणाले. मला वाटलं, दोन दुपारचं काम असेल.

पण हे काम नुसत्या पेटीचं नव्हतं. दिवाळीनंतर अक्कांच्या गळ्यातली गाठ नांदेडला काढली होती. गाठ साधी निघाली, ती काळजी संपली. डॉक्टर म्हणाले, आवाज हळूहळू येईल, गळ्याला रेस्ट द्या. आवाज आला. पहिल्यासारखा लागायलाही लागला, पण टिकेना. लांब सूर धरला की अर्ध्यात हवा निसटून जायची, सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी. मंडळात कुजबुज सुरू झाली की औंदा अक्कांच्या शेजारच्या घरातल्या नव्या सुनेला पुढे करावं. ती पुसेगावकडची, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, आवाज स्वच्छ. ती बिचारी स्वतः काहीच म्हणत नव्हती. म्हणणाऱ्या दुसऱ्याच होत्या.

एका दुपारी आमच्या गच्चीवर हळद पसरताना अक्का मला म्हणाल्या, “एक डाव दुसरीनं म्हटलं ना, की मग समदे म्हणतेत, अक्का, तुमी आता निवांत बसा. आन मला निवांत बसायचं न्हाई.”

“मग बसू नका,” मी म्हणाले.

“तुला सोपं हाय. तुला कोणी गायला लावत न्हाई.”

ते खरंच होतं.

गाणंही अक्कांचंच. हळद शिजवताना कढईजवळ बसून त्यांनी कधीतरी जुळवलेलं:

हळद शिजली गं शिजली, वाफ गेली आभाळी,
माहेराची याद बाई, हाताला लागली पिवळी.

यात ‘शिजली’ लांबतं, ‘याद’ लांबतं, ‘पिवळी’ लांबतं आणि सगळ्यांत जास्त लांबतं ते ‘आभाळी’. तिथे अक्कांचा सूर वर जाऊन थांबायचा आणि बायका माना वर करून त्यांच्याकडे बघायच्या. मी सोळा-सतरा वर्षं ते मागून पाहिलेलं आहे.

पेटीवाल्या काकांनी पुण्याहून सूर लिहून कागदाचा फोटो पाठवला. मी सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. पाच रेघांचं ते लिखाण मला वाचता येत नव्हतं, पण पडद्यावर पेटीच्या पट्ट्या येतात. पट्टी दाबली की रेघांवर नोट बसते आणि वाजतेही. एका व्हिडिओतून तेवढं शिकून घेतलं.

नवं पान उघडलं तेव्हा प्रत्येक घरात एक छोटा काळा ठोकळा रेघेला लटकलेला दिसला. घर म्हणजे चार मात्रांचा एक खण. हे ठोकळे कशाला, म्हणून मी एकावर क्लिक करून डिलीट दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. ठोकळा होता तिथेच. व्हिडिओवाला सांगत होता की ही रेस्ट आहे, म्हणजे इतका वेळ गप्प राहायचं, आणि गप्प राहायचा वेळ पुसता येत नाही. सूर घातला की ती आपोआप जाते, सूर काढला की आपोआप परत येते. छोट्या रेस्टची चिन्हं वेगळी. एका मात्रेची रेस्ट तर वाळलेल्या हळकुंडासारखी वाकडीतिकडी असते.

मला हे पटेना. पत्रिकेच्या धंद्यात रिकामी जागा हा माझा शत्रू आहे. कोपऱ्यात दोन बोटं जागा मोकळी दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, इथं धाकट्या मामांचं नाव टाका. मामा संपले की बालगोपाळ येतात. मी दुसरी खटपट केली आणि अख्खं घरच काढून टाकलं. ते निघालं, पण पुढची ओळ मागच्या ओळीच्या अंगावर येऊन पडली आणि ढोलकी एकीकडे, गाणं दुसरीकडे. तेव्हा कळलं की घर काढलं तर वेळच जातो. ते पुन्हा आणलं आणि रेस्टच्या वाटेला गेले नाही.

चूक झाली ती दुसरीकडेच. काकांनी सुरांमध्ये आडव्या रेघा मारल्या होत्या. एक सूर, मग तीन रेघा. आमच्या धंद्यात आडवी रेघ म्हणजे रिकामं. कोणी ‘वेळ’ लिहून पुढे रेघ मारून आणली, तर समजायचं की मुहूर्त अजून ठरलेला नाही, जागा सोडा. मी प्रत्येक रेघेच्या जागी रेस्ट ठेवली. एक सूर, तीन मात्रा गप्प. पुन्हा एक सूर, पुन्हा गप्प. फार मन लावून केलं होतं.

बायका दिवेलागणीला माझ्या खोलीत जमल्या. मी स्पीकर लावला. पेटी ठक वाजायची आणि गप्प व्हायची, ठक वाजायची आणि गप्प व्हायची. ढोलकीवाल्या काकूंनी थोडा वेळ तोंडाला पदर लावून दम काढला, मग म्हणाल्या, “वैनी, हे गाणं हाय का उचकी?”

“पाणी पाजा गं पेटीला!” मागून कोणीतरी ओरडलं.

“कोणाची आठवण निघाली म्हणावं तिला.”

सगळ्या हसून लोळायला लागल्या. मीही हसले, इलाज नव्हता. हसल्या नाहीत त्या अक्का. त्या स्पीकरकडे बघत त्या तुटक पेटीबरोबर हळू आवाजात ओळ म्हणून पाहत होत्या. माझं तेव्हा त्याकडे नीट लक्ष गेलं नाही.

मी तिथूनच काकांना फोन लावला. फोटोतली रेघ म्हणजे काय, असं विचारल्यावर ते पलीकडे इतके हसले की लेकीने फोन काढून घेतला असावा असं वाटलं. मग म्हणाले, “अहो, रेघ म्हंजे सूर सोडायचा न्हाई. धरून ठिवायचा. जेवढ्या रेघा तेवढा दम.”

म्हणजे मी बरोबर उलटं केलं होतं. जिथे धरायचं तिथे सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पत्रिकेचं एक गिऱ्हाईक बसवून ठेवून मी सगळं दुरुस्त केलं. रेस्टवर सूर लांबवत नेला की ती मुकाट्यानं निघून जाते. जो सूर एका घरातून पुढच्या घरात जातो, त्याच्या दोन नोटांना वाकडी रेघ मारून बांधायचं असतं. तेही जमलं. गाणं गाण्यासारखं वाजायला लागलं. पानावर एकही हळकुंड उरलं नाही. मला फार समाधान वाटलं.

त्या संध्याकाळी अक्का ट्रॅकवर गायल्या. ‘शिजली’ला त्या दोन मात्रांत संपल्या, ‘याद’ला घाईनं श्वास घेतला तो सगळ्यांना ऐकू आला, आणि ‘आभाळी’ला त्या गायल्याच नाहीत, नुसता हात वर केला. कोणी हसलं नाही. उचकीला हसलेल्या बायका त्या दिवशी टाळांच्या दोऱ्या नीट करत बसल्या.

सगळ्या गेल्यावर अक्का थांबल्या. खुर्ची माझ्या जवळ ओढून म्हणाल्या, “ते पैलं होतं ना, उचकीवालं. ते काहून काढलंस?”

“ते चूक होतं.”

“मला त्यात दम मिळत होता.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हणाले, “मग पूर्ण उचकी नको. तुम्हाला जिथे श्वास लागतो तिथेच रेस्ट ठेवू.”

हा शब्द मी वापरायला नको होता.

“रेस्ट?” अक्का उठूनच उभ्या राहिल्या. “डॉक्टर म्हणतो रेस्ट, घरचे म्हणतेत रेस्ट, आता तू गाण्यालाबी रेस्ट देऊन राहिली का? समद्या गावाला कळू दे, हिला रेस्ट सांगितली म्हणून!”

“अक्का, ते त्या चिन्हाचं नाव आहे. सगळ्या गाण्यांत असतं.”

“माझ्या गाण्यात नव्हतं.”

“होतं. तुम्ही श्वास घेतच होता. चोरून घेत होता, एवढंच. आता लिहून घ्या.”

त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. मी समजूत घालणारी बाई नाही, ते त्यांनाही माहीत आहे. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि एकेक ओळ म्हणायला लावली. जिथे त्यांचा दम संपला तिथे सूर एका मात्रेने आखडता घेतला. रेस्ट लगेच तिथे येऊन बसली, तिला बोलवावं लागत नाही. ‘शिजली’नंतर एक, ‘याद’नंतर एक, ‘पिवळी’च्या आधी अर्धी. पुन्हा म्हणून पाहिलं. गाणं जरा वेगळं झालं, पण मोडलं नाही. शब्द उलट मोकळे ऐकू यायला लागले.

‘आभाळी’ला मात्र एका मात्रेने भागेना. पूर्ण दोन मात्रा गप्प राहावं लागत होतं, तेही मधेच. मी ती ठेवली. अक्कांनी ऐकलं, घरी गेल्या आणि सकाळी चहाआधी परत आल्या.

“तीन ठिव,” त्या म्हणाल्या. “आभाळावरली काढ.”

“तिथे दम पुरायचा नाही.”

“पुरवते. लोक तिथंच माना वर करतेत. तिथं काय मी बघत बसू त्यांच्याकडं?”

ती अकरा तारीख. स्पर्धा रविवारी होती.

काढणं म्हणजे काय, तर तो सूर पुन्हा पूर्ण लांबवणं. एका क्लिकचं काम. पण मी ते संध्याकाळपर्यंत ढकलत राहिले. मधे दोन पत्रिका केल्या, एका पत्रिकेत आत्यांची नावं बसवता बसवता गणपतीचा आकार कमी केला. मनात हिशोब चालला होता. रेस्ट ठेवली तर अक्का रागावतील. काढली तर रविवारी सगळ्यांसमोर उघड्या पडतील. शेवटी मी काढली. गाणं त्यांचं आहे, आवाज त्यांचा आहे, मी कॉम्प्युटर चालवणारी. आणि रविवारी पडण्यापेक्षा आज माझ्या खोलीत पडलेलं बरं, हेही मनात होतंच. रेस्ट असलेली जुनी फाईल वेगळी ठेवून दिली.

संध्याकाळी सगळ्या आल्या. ट्रॅक लावला. पहिल्या ओळीत पानावर लिहिलेला श्वास अक्कांनी बरोबर घेतला, आणि गंमत म्हणजे कोणाला तो कळलाच नाही. पेटीही तिथे थांबत होती, त्यामुळे ते गाण्यातलंच वाटलं. ‘आभाळी’ आलं. अक्कांनी सूर वर नेला, छान लागला, बायकांच्या माना वर झाल्या. एक मात्रा. दुसरी. तिसरीला आवाज फाटला आणि बंद पडला.

पेटी बंद पडली नाही. ती मशीनची पेटी, तिला काय कळतं. तो उंच सूर ती एकटीच धरून बसली, पुढच्या घरात गेली, तिथेही धरून बसली. जिथे मी रेस्ट लिहिली होती तिथे कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. जिथून काढली तिथे अक्का नसल्याचं खोलीभर ऐकू येत होतं.

मी स्पेस दाबून ट्रॅक थांबवला. ढोलकीवाल्या काकू आपल्या परीने मदतीला धावल्या: “वैनी, पेटी लई मोठी लावली तुमी. माणसाचा आवाज दबतोय.”

“पेटी बराबर हाय,” अक्का म्हणाल्या. त्या घोटभर पाणी प्यायल्या, पेला खाली ठेवला आणि दाराजवळ बसलेल्या नव्या सुनेकडे वळल्या. “तुला येती का गं ही ओळ?”

ती दचकली. “न्हाई अक्का. म्हंजे थोडी.”

“खोटं नको बोलू. रोज भांडी घासताना म्हणतीस. भिंतीपल्याड मी बसलेली असते.”

बायका हसल्या. सून लाल झाली. मी मात्र अक्कांचा चेहरा बघत होते. मला वाटलं, आता त्या उठणार आणि जागा देऊन टाकणार. इतके दिवस ज्याला त्या भीत होत्या, ते आता त्यांच्याच हाताने होणार. माझा हात जुनी फाईल उघडायला माउसवर गेला.

अक्का उठल्या नाहीत. जागेवर बसूनच म्हणाल्या, “हे बघ. ‘आभाळी’ मी उचलणार. वर मी नेणार. मी सोडलं की तू धर. आधी न्हाई.”

“आधी न्हाई,” सून म्हणाली.

“हातातून वढून घेऊ नको. मी सोडल्यावर.”

“व्हय अक्का.”

“आन ‘माहेराची’ पुन्हा माझं.”

“व्हय.”

ढोलकीवाल्या काकूंना राहवलं नाही. “अहो अक्का, वाटणीपत्र करून घ्या की सही-अंगठ्यासकट. वैनी छापून देतेल.”

“तू ढोलकी धर गप,” अक्का म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

मी जुनी, रेस्टवाली फाईल लावली. पहिल्या खेपेला सून भीतभीत आधीच शिरली. अक्कांनी हाताने थांबवलं. दुसऱ्या खेपेला ती इतकी उशिरा आली की मधे भोक पडलं, आणि तेवढ्यात बाहेरून ट्रॅक्टर गेला, त्यामुळे पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला अक्का सुरावर पोचल्या, दोन मात्रा तो धरून राहिल्या, मान किंचित तिच्याकडे वळवली आणि सोडलं. सुनेनं तो तिथेच, त्याच उंचीवर धरला. अक्कांनी तेवढ्यात श्वास घेतला. घाईनं नाही, चांगला पोटभर. आणि ‘माहेराची’ त्यांनी अशी उचलली की काकूंचा हात ढोलकीवर नको तेवढा जोरात पडला.

जाताना अक्का माझ्या टेबलाजवळ थांबल्या. “ती तुझी रेस्ट,” त्या म्हणाल्या, “राहू दे तिथं. पण तिच्या सुराला कुठंतरी लिही. पुन्हा कोणी म्हणाया नको की अक्काचा आवाज गेला म्हणून ही मधे घुसली. लिहिलेलं असलं म्हंजे ते गाण्यातलंच राहतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरून झाल्यावर मी मशीन सुरू केलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच ओळीवर दोन आवाज लिहिता येतात, पहिला निळा आणि दुसरा हिरवा. याची मला तोवर गरज पडली नव्हती. दुसरा आवाज निवडला आणि ‘आभाळी’च्या घरात सुनेचा सूर घातला. तो घातला तरी अक्कांची रेस्ट पुसली गेली नाही. ती तशीच राहिली, नुसती जराशी वर सरकली आणि खाली हिरव्या सुराला जागा झाली. सुनेच्या सुराच्या पुढेमागे तिच्याही हिरव्या रेस्ट उगवल्या होत्या. त्यांच्यावर सवयीने डिलीट दाबलं, तर त्या चक्क निघाल्या. दुसऱ्या आवाजाच्या पुसता येतात. पहिल्याची पुन्हा एकदा दाबून पाहिली. ती हलली नाही.

पेटीचा आवाज काकूंच्या समाधानासाठी थोडा कमी केला, ट्रॅक मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि गच्चीवरची हळद पलटायला गेले.